काउंट निल आलाय, पण सुई टोचायची घाई नको

वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर शुक्राणूंचा काउंट 'निल', म्हणजे शून्य दिसला की घरात एकच प्रश्न सुरू होतो: शुक्राणू थेट अंडकोषातून काढता येतील का? येतात. पण आधी सॅम्पल नीट गेलं होतं का ते बघा. कासारवडवलीहून डबी घेऊन निघालात आणि घोडबंदर रोडला अडकलात, तर शुक्राणू मंदावलेले दिसतात, गायब होत नाहीत. सॅम्पल तासाभरात पोचायला हवं, म्हणून ते लॅबमध्येच दिलेलं बरं. वीर्याचा पहिला भाग डबीबाहेर सांडला तर काउंट खोटाच कमी येतो, कारण जास्त शुक्राणू त्यातच असतात. दोन वेगवेगळी सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये (गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) वेगाने फिरवून तळाचा गाळ तपासल्याशिवाय शून्यावर विश्वास ठेवू नये.

मग प्रश्न येतो, ब्लॉकेज आहे की मुळात निर्मितीच बंद? वीर्य दीड मिलिपेक्षा कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) नसलेलं असेल तर वाट अडलेली असू शकते किंवा शुक्रवाहिन्या (शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या) जन्मतःच नसतात. वाहिन्या आहेत की नाहीत हे डॉक्टरांना बोटांनी चाचपून कळतं. नसतील तर नवरा-बायको दोघांचीही सीएफटीआर जनुकाची (यातल्या दोषाने सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो) तपासणी हवी. अंडकोष लहान, मऊ आणि एफएसएच (शुक्राणूनिर्मितीला चालना देणारं हार्मोन) चढलेलं असेल तर बहुधा निर्मितीतच खोट असते.

ब्लॉकेज असेल तर काम सोपं. पेसामध्ये एपिडिडिमिसमधून (अंडकोषाला चिकटलेली, शुक्राणू साठवणारी नळी) आणि टेसामध्ये अंडकोषातून सुईने ओढून घेतात. बहुतेकदा जागेवरची भूल पुरते. मिळालेले शुक्राणू थोडे असतात, म्हणून ते आययूआयला (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) चालत नाहीत, इक्सीच (लॅबमध्ये एकेका बीजात एकेक शुक्राणू टोचणं) करावं लागतं.

निर्मितीच बंद असताना मात्र सुईने एकदोन ठिकाणी टोचून 'काही नाही' म्हणणं मला पटत नाही. अशा अंडकोषात शुक्राणू असलेच तर बेटाबेटांनी असतात. मायक्रो टेसे या ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देऊन अंडकोष उघडतात आणि पंधरा ते पंचवीस पट मोठं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली जाडसर, पांढरट नलिका निवडतात. शेजारी एम्ब्रियोलॉजिस्ट (लॅबमध्ये बीजं, शुक्राणू आणि गर्भ हाताळणारा तज्ज्ञ) तुकडे कुस्करून शोधत बसतो, त्यात तासन्‌तास जातात. त्याआधी कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी हवीच: वाय गुणसूत्रावरच्या शुक्राणूनिर्मितीच्या पट्ट्यातला एझेडएफ-ए किंवा बी हा भाग पूर्ण गळालेला असेल तर कापाकापी व्यर्थ, फक्त सी गळाला असेल तर आशा असते.

जिमवाल्यांनो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. निर्मिती त्यानेही थांबते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे इंजेक्शनं बंद केल्यावरही महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

बायकोची बीजं काढायच्या दिवशीच शुक्राणू मिळाले नाहीत तर? बीजं गोठवायची की डोनरचे शुक्राणू वापरायचे, हे आदल्या दिवशी नव्हे, उपचार सुरू होतानाच लेखी ठरवा. शुक्राणू आधीच काढून गोठवायचाही पर्याय असतो.

शुक्राणू काढल्यानंतर काही दिवस घट्ट सपोर्टर (अंडकोषांना आधार देणारी चड्डी) वापरा, बाइक बंद. सूज वाढत गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. मायक्रो टेसेनंतर काही महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. ते घसरलेलं असलं तर थकवा जाणवतो आणि लोक तो ऑफिसच्या माथी मारतात.