सांता बार्बाराचा दुसरा पदवीदान समारंभ

जूनमधलं कॅलिफोर्निया म्हणजे लख्ख ऊन, अशी ताईची पक्की समजूत. म्हणून लेकीच्या पदवीदानासाठी तिने पैठणी आणली आणि स्वेटर नागपुरातच ठेवला. जूनमध्ये या किनाऱ्यावर समुद्राचं धुकं चढून येतं आणि दुपारपर्यंत हलत नाही, हे तिथे पोचल्यावर कळलं. तिथली माणसं त्याला ‘जून ग्लूम’ म्हणतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बारा कॅम्पसवर, तळ्याकाठच्या हिरवळीवर, पैठणीवर भाऊजींचं जर्किन चढवून ताई कुडकुडत बसली होती. समारंभ वेळेवर सुरू झाला, शिस्तीत पार पडला. भाचीचं नाव पुकारलं, आम्ही ओरडलो, ती मंचावरून चालत पलीकडे गेली. झालं. उरलेला वेळ मी निलगिरीची झाडं बघत काढला.

हा झाला पहिला समारंभ. मी लिहायला बसलेय ते दुसऱ्यासाठी.

भाचीची रूममेट मेक्सिकन घरातली. तिने चिकानो स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचा इतिहास-संस्कृती, हा विषय घेऊन पदवी केली. तिथल्या लातिनो मुलामुलींचा, त्यांनीच भरवलेला एक वेगळा पदवीदान सोहळा असतो. त्याचं आमंत्रण तिने आम्हालाही दिलं होतं. लॉस एंजेलिसहून गाडीने येताना भाऊजींचा एकच प्रश्न चालू होता, “पण त्यात नोकरी काय लागते?” भाचीने पहिल्यांदा उत्तर दिलं, नंतर हेडफोन लावले.

तो आठवडा साधा नव्हता. जून २०२५. लॉस एंजेलिसमध्ये कागदपत्रं नसलेल्यांना पकडायला इमिग्रेशनवाल्यांच्या धाडी सुरू झालेल्या, नॅशनल गार्डचे जवान रस्त्यावर, मध्यवस्तीत रात्रीची संचारबंदी. युनियन स्टेशनवर आम्ही बॅगा पोटाशी धरून बसलो होतो. पॅसिफिक सर्फलायनर ही गाडी पुढे समुद्राला अगदी चिकटून धावते, तो सगळा भाग लोक फार वाखाणतात आणि तो आहेही तसाच. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली ती त्याआधीची ऑक्सनर्डची स्ट्रॉबेरीची शेतं. काही शेतांत माणसं कंबरेत वाकून तोडणी करत होती, काही शेतं रिकामी. १० जूनला तिथल्या शेतांवरही धाडी पडल्या होत्या.

पोचलो त्या संध्याकाळी रूममेट आम्हाला एल सेंत्रोमध्ये, या मुलांच्या कॅम्पसवरच्या केंद्रात, घेऊन गेली. बिल्डिंग ४०६, बाहेरून एखाद्या तात्पुरत्या बराकीसारखी. नाव आर्नुल्फो कासियास या जुन्या कार्यकर्त्या विद्यार्थ्याचं. एवढ्या देखण्या, समुद्राकाठच्या कॅम्पसवर मला सगळ्यात आवडलेली इमारत हीच. भिंतींवर रंगवलेली चित्रं, बसून बसून खचलेला सोफा, मीटिंगच्या सूचना, अभ्यास करता करता झोपलेला एक मुलगा. ‘एल काँग्रेसो’ या त्यांच्या संघटनेच्या बैठका इथेच होतात. रूममेट सांगत होती आणि भाऊजी मागे हात बांधून ऐकत होते.

चिकानो स्टडीज हा विषय कुणा कुलगुरूंना सुचला म्हणून सुरू झालेला नाही. १९६८ च्या मार्चमध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतली हजारो मेक्सिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. स्पॅनिश बोललं की शिक्षा आणि कॉलेजऐवजी हातकामाकडे ढकलणं, याला ती विटली होती. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६९ मध्ये, याच सांता बार्बारात विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले आणि त्यांनी दीडशेहून जास्त पानांचा एक आराखडा लिहिला: एल प्लान दे सांता बार्बारा. आमच्या माणसांना प्रवेश द्या, आमचा इतिहास शिकवा, आमचे शिक्षक नेमा आणि हे सगळं आमच्या वस्त्यांशी जोडलेलं ठेवा, अशा मागण्या. ‘मेचा’ ही विद्यार्थी संघटनाही त्यातूनच उभी राहिली. चिकानो स्टडीजमध्ये पीएच.डी. देणारा देशातला पहिला विभागही पुढे इथेच झाला.

मग तिने यूसीएलएची, म्हणजे याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसची, गोष्ट सांगितली. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ एप्रिल १९९३ मध्ये गेले आणि त्यांच्या अंत्ययात्रेच्या आदल्या दिवशी विद्यापीठाने जाहीर केलं की चिकानो स्टडीजला स्वतंत्र विभाग मिळणार नाही. विद्यार्थी आणि एक प्राध्यापक उपोषणाला बसले. चौदा दिवस. शेवटी चावेझ यांच्या नावाने केंद्र मिळालं, आणि त्याचा विभाग व्हायला २००५ उजाडलं. मी हिशेब लावत होते: मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं ते जानेवारी १९९४ मध्ये, १९७८ च्या ठरावानंतर, जाळपोळ आणि मुडदे पडल्यानंतर. भाऊजींची तेव्हा मराठवाड्यात नोकरी होती. ते पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाले, “चौदा दिवसांत मिळालं? नशीबवान आहेत.”

मधल्या दिवशी बीचवर गेलो. पायांना डांबर चिकटलं (तिथे समुद्राच्या तळातून ते आपोआप झिरपतं) आणि ताईची चप्पल कायमची गेली.

आता दुसरा समारंभ. सूत्रसंचालन करणारी दोघं विद्यार्थीच, एक वाक्य स्पॅनिशमध्ये, एक इंग्रजीत. मुलांच्या खांद्यांवर सारापे या मेक्सिकन शालीसारख्या भडक पट्ट्यांची उपरणी. टोप्यांवर कागदी फुलं, कुणाच्या आजीचा फोटो, बऱ्याच जणांच्या टोपीवर मोनार्क फुलपाखरू. सरहद्दी न मानणारं म्हणून त्यांना ते आपलं वाटतं, आणि ही फुलपाखरं खरंच हिवाळ्यात इथून जवळच, गोलीटाच्या निलगिरीत मुक्कामाला असतात.

नाव पुकारलं की मुलगा एकटा मंचावर जात नाही. आई, बाप, आजी, काखेतलं बाळ, सगळा गोतावळा वर चढतो. मग मुलगा माईकवर दोन शब्द बोलतो, बहुतेक वेळा आईकडे बघून. त्यामुळे कार्यक्रम लांबतो, भयंकर लांबतो. मला चालला. माझी पदवी मला विद्यापीठाच्या खिडकीवर रजिस्टरमध्ये सही करून मिळाली होती. माझ्या आईने ती बघितली तेव्हा तिच्यावर चहाचा डाग पडलेला होता.

अर्ध्याच्या पुढे कधीतरी एक ठेंगणी मुलगी एकटीच वर आली. हातात फोन. तिने तो आमच्याकडे वळवला. स्क्रीनवर टोपी घातलेला एक माणूस, मागे भिंत. ती आधी कुठल्यातरी वेगळ्याच भाषेत बोलली. स्पॅनिश बोलणारेही एकमेकांकडे बघायला लागले. ती मिश्तेको होती, रूममेटने नंतर सांगितलं. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याकडची मूळ भाषा, ऑक्सनर्डच्या शेतांवर सर्रास बोलली जाते. मग ती मुलगी स्पॅनिशमध्ये म्हणाली (भाची माझ्या कानात उतरवत होती), माझे बाबा इथून तासाभराच्या अंतरावर आहेत. या आठवड्यात रस्त्यावर निघणं बरं नाही, म्हणून आई आणि ते घरी थांबलेत.

आणि फोन गोठला. बाबांचं तोंड अर्धवट उघडं, तसंच. कुणीतरी “पुढचं नाव घ्या” म्हणेल असं मला वाटलं. सूत्रसंचालक म्हणाला, थांबूया. सगळं सभागृह थांबलं. मुलगी फोन वर धरून मंचाच्या या टोकाला, मग त्या टोकाला जाऊन आली. कुणीतरी आपला हॉटस्पॉट दिला. बाबा परत हलायला लागले तेव्हा लोक असे उभे राहिले आणि ओरडले की माईकजवळच्या त्या फोनने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. बाबांनी टोपी काढून तोंडावर धरली.

“एवढं मोठं विद्यापीठ आणि रेंज नाही?” भाऊजी माझ्यावरच खेकसले. त्यांचा आवाज चिरकला होता. पुढची चार-पाच नावं आमच्यापैकी कुणीच ऐकली नाहीत.

जेवण रूममेटच्या मावश्यांकडे, कॅम्पसला लागून असलेल्या आयला व्हिस्टा वस्तीतल्या एका अंगणात. शेजारून जाणारा प्रत्येक जण “प्रोवेचो”, म्हणजे सावकाश जेवा, म्हणत होता. मक्याच्या पानात वाफवलेले तामालेस, आपल्या पातोळ्यांसारखे उलगडून खायचे. ताई शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी मिरची-चीजचे वेगळे केले होते. पिठात डुकराची चरबी घालतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी विचारायला तोंड उघडलं, तर मावशीनेच हसून सांगितलं, तुमच्यासाठी तेलात मळलंय. चार दिवसांच्या प्रवासात एवढा विचार कुणी केला नव्हता. प्यायला हमायका, म्हणजे चक्क लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

मी वर्ध्याची, तेव्हा पांडुरंग खानखोजे काढणं भाग होतं. आमच्या गावचा क्रांतिकारक मेक्सिकोत गेला, चापिंगोच्या कृषी शाळेत प्राध्यापक झाला, मक्याच्या सुधारित जाती काढल्या, वगैरे. रूममेटने सगळं तिच्या आजीला स्पॅनिशमध्ये सांगितलं. आजी ओआहाकाची, मक्याच्या मूळ मुलखातली. ती चावत चावत ऐकत राहिली आणि मग काहीतरी म्हणाली, त्यावर सगळे हसून फुटले. “ती म्हणतेय, मका शिकवायला आमच्याकडे आला होता?”

शेवटी भाऊजींनी तो नोकरीचा प्रश्न थेट रूममेटलाच विचारला. ती शांतपणे म्हणाली, सांता मारिया गावात शाळेत शिकवायचंय. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला, हायस्कूलमध्ये एथ्निक स्टडीज, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक समाजांचा अभ्यास, सक्तीचा करणारा, म्हणजे शिक्षक लागणार. पण सरकारने पैसा दिल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि पैसा काही येत नाहीये.

भाऊजींचा चेहरा उजळला. जलसंपदा खात्यात त्यांची हयात गेली. अमेरिकेत आल्यापासून प्रथमच कुणीतरी त्यांच्या विषयातलं बोललं होतं. प्रशासकीय मान्यता वेगळी आणि निधीची तरतूद वेगळी, दोन्ही फायली कशा वेगवेगळ्या चालतात, कुणाला कधी पत्र द्यायचं, पुरवणी मागण्यांत विषय कसा घुसवायचा, हे ते तिला अर्धा तास समजावत होते. ती फोनमध्ये टिपून घेत होती. ताईने तिसरा तामाल उलगडला.