कार्बन लावलेला लिफाफा

गेल्या महिन्यात आईची औषधे घेतली आणि दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे भरले. काउंटरवरच्या छोट्या स्पीकरने रक्कम मोठ्याने जाहीर केली, दुकानदाराच्या मोबाइलवर माझे पूर्ण नाव उमटले, आणि माझा यूपीआय आयडी म्हणजे माझा मोबाइल क्रमांकच असल्याने तोही आपसूक त्याच्या हाती गेला. दोन दिवसांनी त्याच क्रमांकावर मधुमेहाच्या गोळ्यांवरील सवलतीचा संदेश आला, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. आईचा आजार ही आमच्या घरातली गोष्ट आहे.

मोबाइलवरून पैसे द्यायचे तर ओळख द्यावीच लागणार, असे आपण गृहीत धरले आहे. ते खरे नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्येच ‘ब्लाइंड सिग्नेचर’ची, म्हणजे आतला मजकूर न पाहता सही करण्याची, पद्धत मांडली होती. ती समजावण्यासाठी त्यांनी दिलेला दृष्टान्त मला फार आवडतो. आपण एका चिठ्ठीवर स्वतः निवडलेला क्रमांक लिहून ती आतून कार्बन लावलेल्या लिफाफ्यात बंद करायची. बँक आपल्या खात्यातून पैसे वळते करून लिफाफ्यावर सही करते आणि ती सही आतल्या चिठ्ठीवर उमटते. मग लिफाफा उघडून ती सही असलेली चिठ्ठीच आपण पैसे म्हणून दुकानदाराला द्यायची. पुढे ती चिठ्ठी दुकानदारामार्फत बँकेत परत येते, तेव्हा बँकेला स्वतःची सही ओळखता येते, तो क्रमांक आधी खर्च झालेला नाही हेही तपासता येते, पण लिफाफा कोणी आणला होता हे मात्र सांगता येत नाही. कर बुडवणाऱ्यांना यामुळे रान मोकळे मिळेल, या आक्षेपाचे उत्तरही याच रचनेत आहे, कारण पैसे घेणाऱ्याला ते बँकेत जमा करावेच लागतात. नाव झाकले जाते ते फक्त देणाऱ्याचे.

याच पद्धतीवर उभी असलेली चॉम यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. पद्धत मात्र गणिताच्या कसोटीवर टिकून आहे.

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपयाची, म्हणजे स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक चलनाची, चाचणी सुरू केली. त्याआधीच्या संकल्पना-टिपणात लहान रकमांच्या व्यवहारांना रोखीसारखी वाजवी अनामिकता असणे इष्ट ठरेल, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे. त्यामुळे ही अनामिकता केवळ बँकेच्या आश्वासनावर सोडू नये, तर ती डिजिटल रुपयाच्या रचनेतच असावी, म्हणजे औषधाच्या दुकानात माझ्याकडून फक्त पैसे जातील, असा माझा आग्रह आहे.