मूळ नाही हे कळलं, मग अवयव कुठायत?

खानापुरात गणिताची शिकवणी घेतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. "सर, संख्या मूळ नाही हे कळलं म्हणजे अवयव कळलेच की! मग ते शोधायला कॉम्प्युटरला वर्षं कशाला लागतात?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

आधी शब्दांचा घोळ. १ आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या; जिनं भाग जातो ते तिचे अवयव. मराठी शाळेतली 'मूळ संख्या' शेजारच्या कन्नड शाळेत 'अविभाज्य संख्ये' होते आणि पोरं गडबडतात. 'मूळ' म्हटलं की वर्गमूळ आठवतं. 'अविभाज्य' म्हणावं, तर ७ ला ७ ने भाग जातोच की! मला 'मूळ'च आवडतं, कारण बाकीच्या संख्या गुणाकारानं यांच्यातूनच उगवतात. १२ म्हणजे २×२×३, दुसरी वाट नाही. १ ला मूळ मानलं तर पुढं हवे तेवढे १ चिकटवता येतील आणि ही एकच वाट मोडेल. म्हणून १ बाहेर.

आता ९१ कौलं घ्या, आमच्याकडं त्यांना तोटा नाही. सारख्या ओळी लावायच्या. पोरं २, ३, ५ करून बघतात आणि "मूळच आहे" म्हणून हात झटकतात. सात-सातची ओळ धरली की बरोबर १३ ओळी होतात.

पण कौलाला हात न लावताही निकाल लागतो. फर्मा नावाच्या गणितज्ञाचा नियम सांगतो की ९१ मूळ असती, तर २ च्या ९० व्या घाताला ९१ ने भागून बाकी १ उरली असती. करून बघा. २ चा १२ वा घात ४०९६. ९१×४५ म्हणजे ४०९५, बाकी १. नव्वदात बारा सात वेळा जातात, त्या प्रत्येक वेळी बाकी १ च, म्हणून ते सोडून द्या; उरतात ६. २ चा ६ वा घात ६४. बाकी ६४ आली, ९१ मूळ नाही. या सगळ्यात ७ आणि १३ कुठं दिसले? (बाकी १ आली म्हणजे मूळच, असा उलटा भरवसा मात्र ठेवू नका. ३४१ ला अशीच बाकी १ येते आणि ती आहे ११×३१.)

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की २१ अंकी संख्या येते. ती मूळ नाही हे ल्युकास या गणितज्ञानं १८७६ मध्ये दाखवलं, अवयव न सांगता. १९३७०७७२१ हा तिचा अवयव कोल या गणितज्ञानं मांडला १९०३ साली. मधली सत्तावीस वर्षं हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये संख्या मूळ की संयुक्त (म्हणजे अवयव पडणारी) हे ओळखण्याची खात्रीची, झटपट रीत दिली. अवयव पाडायची तशी रीत नेहमीच्या कॉम्प्युटरसाठी अजून कुणालाच सापडलेली नाही. कॉम्प्युटरवरचे निरोप गुप्त ठेवणारं आरएसए नावाचं कुलूप याच अडचणीवर टिकून आहे.

दहावीच्या पेपरात मात्र ७×१३ लिहून मोकळं व्हा. तिथं फर्मा काढत बसलात तर वेळ जाईल.