आईचं रात्रीचं इंजेक्शन द्यायला कुणी तयार नव्हतं

आईच्या लघवीतला संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला, तोही ईएसबीएल प्रकारचा, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. हॉस्पिटलात मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला, घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर मात्र एक ओळ होती: ‘इंजेक्शन मेरोपेनेम 1 ग्रॅम, दर 8 तासांनी, उरलेला कोर्स जवळच्या नर्सिंग होममध्ये.’ त्या ओळीने आम्हाला रडवलं.

घराजवळच्या नर्सिंग होममध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने कार्ड वरवर पाहिलं आणि म्हणाला, “ताई, सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री आठ. बसवून टाकू.” मी म्हटलं, हे आठ-आठ तास होत नाहीत. तर म्हणे, “दिवसातून तीन झाले ना? मग?” रात्री आठनंतर सकाळी नऊपर्यंत तेरा तास. त्या तेरा तासांत काय होतं, हे त्याला सांगून माझा घसा कोरडा पडला.

किडनी नीट चालत असेल तर मेरोपेनेम साधारण तासाभरात रक्तातून अर्धं होतं. पुढच्या तासात उरलेल्याचं अर्धं. आठ तासांनी अडीचशेव्या हिश्शाहूनही कमी उरतं. तरी आठ तासांची फेरी चालते, कारण सुरुवातीची पातळी जंतू मारायला लागते त्याच्या कितीतरी पट असते. या गटातल्या औषधांचं सगळं गणित वेळेवर आहे: पातळी जंतूंना पुरून उरेल इतकी किती तास टिकली, हे महत्त्वाचं. एकदम दुप्पट डोस देऊन दुप्पट काम होत नाही. समजा एक डोस पाच-सहा तास पुरला, तर आठ तासांत भागतं. तेरा तासांत निम्म्याहून जास्त वेळ जंतूंना मोकळं रान.

“रात्री आरएमओ नसतात,” म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर नसतात, हे पुढचं उत्तर. मग “बाहेरचं औषध आम्ही टोचत नाही.” मग “दर वेळी नवा केस पेपर काढावा लागेल.” आई बाकड्यावर, मनगटातलं इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली इंजेक्शनची नळी) रुमालाने झाकून बसलेली, आणि मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. अजूनही त्या काउंटरसमोरून जाताना माझं डोकं तापतं. कुणी एकाने जरी हॉस्पिटलला फोन लावला असता, तर पाच मिनिटांचं काम होतं.

शेवटी फोन मीच लावला. आईच्या डॉक्टर मॅडमनी वेळा ऐकल्या आणि लगेच म्हणाल्या, “तसं अजिबात देऊ नका. आपण एर्टापेनेम करू, दिवसातून एकदा.” हे त्याच घराण्यातलं औषध, पण रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून राहतं, म्हणून अर्धं व्हायला साधारण चार तास लागतात. सकाळी एक डोस, अर्ध्या तासाचं सलाईन, आणि आई घरी जेवायला! सुडोमोनास नावाच्या जंतूवर ते चालत नाही, त्यामुळे त्यांनी आधी कल्चर रिपोर्ट पुन्हा वाचून घेतला. म्हणून रिपोर्टची झेरॉक्स कायम पिशवीत ठेवा.

डिस्चार्जच्या वेळीच विचारा: रात्रीचा डोस कोण देणार, आणि दिवसातून एकदाचं औषध चालेल का? गोळ्यांच्या वेळाही औषध किती टिकतं यावरच ठरतात. अमोक्सिसिलिन तासा-दीड तासात अर्धं होतं, डॉक्सिसायक्लिनला सोळा तासांच्या वर लागतात, तर अझिथ्रोमायसिन पेशींमध्ये कित्येक दिवस रेंगाळतं. म्हणूनच तीनदा, दोनदा, एकदा. शेजारणीच्या वेळा आपल्या औषधाला लावू नका. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी मंद चालत असेल, तर औषध जास्त वेळ टिकतं आणि डोस बदलतो, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

हो, एर्टापेनेम ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळत नाहीत, नॉर्मल सलाईनच लागतं; आमच्यासमोर सिस्टरनी चुकीची बाटली उचलली होती. आणि घरात कुणाला फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ही दोन्ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी आवर्जून सांगा, त्यांनी व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने उतरते.