तुम्ही विचारलंत म्हणून: मोटर कुठली घेऊ?

"सर, मोटर कुठली घेऊ?" चतुर्थीची सुट्टी जवळ आली की फोंड्याच्या आसपासची अकरावी-बारावीतली मुलं रिमोटवर उडणारं छोटं विमान बनवायला निघतात आणि हा प्रश्न घेऊन घरी येतात. मी विचारतो, विमानाचं वजन किती भरेल? मुलगा हिरमुसतो, कारण त्याला मोटरचं नाव हवं असतं. पण मोटरची पाळी नंतर येते. आधी विमान, मग पंखा, मग मोटर आणि बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी ती चपटी पट्टी.

हे मला एक विमान गमावून कळलं. ७०० ग्रॅमचं फोमचं शिकाऊ विमान, २२१२ आकाराची १००० केव्हीची मोटर, थ्री एस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, १८ अँपियरची ईएससी आणि ९x६ चा पंखा, म्हणजे व्यास ९ इंच आणि पिच ६ इंच (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा जेवढा पुढे सरकेल ते अंतर). छान उडायचं. एकदा उतरताना पंखा मोडला. डब्यात ११x७ चा पडून होता, तो लावला. मोठा पंखा म्हणजे जास्त जोर, एवढंच डोक्यात. सड्यावरून विमान जोरात वर गेलं, मलाही आनंद झाला. थोड्याच वेळात मागे धुराची रेघ दिसली आणि रिमोटची काठी कितीही हलवली तरी काही होईना. पुष्कळ ईएससींमध्ये रिसीव्हरला (रिमोटचा संदेश पकडणाऱ्या भागाला) आणि सर्व्होंना (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) पाच व्होल्ट देणारा बीईसी आतच असतो. माझी ईएससी जळली तेव्हा मोटर थांबलीच, शेपटीची पाती हलवणंही बंद झालं. विमान सड्याखालच्या वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भातशेतीच्या, चिखलात नाकावर पडलं.

मोटर तीच, बॅटरी तीच, मग जळलं कशानं? होडी वल्हवलेल्याला हे लवकर पटेल. वल्हं रुंद घेतलं आणि लय तीच ठेवली की हात भरून येतात. मोटरचंही तसंच. १००० केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर ओझं नसताना दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे. पंखा तिला मागे ओढतो, ती वेग टिकवायला धडपडते आणि बॅटरीतून जास्त अँपियर खेचते. किती खेचायचे ते पंखाच ठरवतो. फेरे तेवढेच धरले तर लागणारी शक्ती व्यासाच्या चौथ्या घातानं वाढते आणि पिचच्या साधारण सरळ प्रमाणात. पिच न बदलता ९ इंचांचे १० केले तरी दीडपट! माझा ११x७ तर अडीचपटीहून जास्त मागत होता. मोटर मंदावते, म्हणून प्रत्यक्षात तेवढं होत नाही, पण १८ अँपियरला तेही झेपलं नाही.

आणि केव्ही म्हणजे ताकद नव्हे. केव्ही वाढला की दर अँपियरमागे मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी होतो. म्हणून जास्त केव्हीला लहान पंखा, कमी केव्हीला मोठा.

आता वजन का विचारतो ते सांगतो. शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण २०० वॅट पुरतात. ७०० ग्रॅमला १४० झाले. थ्री एस बॅटरी ओझ्याखाली १०.५ व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे १३-१४ अँपियर. १००० केव्हीच्या त्या मोटरवर ९x६ साधारण एवढंच मागतो. मिनिटाला ८००० फेरे धरले तर ६ इंच पिचचा वेग ताशी ७३ किलोमीटर होतो, शिकणाऱ्याला तो भरपूर. मग ईएससी २० ची चालेल, ३० ची घेतलीत तर अधिक बरं. मोठ्या ईएससीनं थोडं वजन वाढतं, दुसरं नुकसान काही नाही. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात तेवढी जागा हवीच. "मी अर्ध्याच थ्रॉटलवर उडवणार, लहान चालेल ना?" असंही विचारतात. नाही चालणार. अर्ध्या थ्रॉटलवर ईएससी वीज तोडून तोडून देते, त्या तोडजोडीतही ती तापते.

तोच पंखा ठेवून थ्री एसवरून फोर एसवर जाऊ नका. व्होल्ट एकतृतीयांशानं वाढले तरी वॅट दुपटीच्या पुढे जातात.

उडवण्याआधी विमान घट्ट बांधा, पंख्याच्या मागे उभे राहा, बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॅटमीटर जोडा आणि दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. अँपियर मोटरच्या किंवा ईएससीच्या मर्यादेपलीकडे गेले तर पंखा एक इंच लहान करा. नंतर बॅटरी काढून मोटरला बोट लावून बघा, टेकवता येत नसेल तरीही पंखा लहानच हवा. वॅटमीटर नसेल तर माझा घेऊन जा. दोन दिवसांत परत आणून द्या, सुट्टीत तो आणखी चौघांना लागतो.