किट घरांचा शोध : गहाणखतांपासून तळघरापर्यंत

किट घर म्हणजे कॅटलॉगमधून सुट्या साहित्याच्या संचाच्या रूपात मागवून जागेवर उभारलेले घर. अशा जुन्या घरांच्या शोधाची दिशा मी या हंगामात उलटी केली आहे. पूर्वी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एल्जिनच्या जुन्या वस्त्यांतून हिंडताना एखादे घर कॅटलॉगमधील चित्रासारखे दिसले की त्याचा पाठपुरावा सुरू होई. आता आरंभ तेथील केन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) जुन्या दस्तऐवजांपासून होतो आणि प्रत्यक्ष घर सर्वांत शेवटी येते. या बदलामागचे कारण आपल्या छंदातील सर्वांना ठाऊक आहे. सिअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने 1908 ते 1940 या काळात कॅटलॉगद्वारे सुमारे सत्तर ते पंचाहत्तर हजार घरे विकली, असा अंदाज आहे, परंतु तिचे विक्रीचे दप्तर पुढे नष्ट करण्यात आले. मिशिगनमधील बे सिटीच्या अलादिन या दुसऱ्या किट घर कंपनीचे कागद सेंट्रल मिशिगन विद्यापीठाच्या क्लार्क ग्रंथालयात जपलेले असल्याने अलादिनचा माग काढणाऱ्यांना भक्कम आधार मिळतो. सिअर्सच्या बाबतीत तो आधार आपल्यालाच एकेक करून उभा करावा लागतो.

सिअर्सने 1911 पासून ग्राहकांना घर गहाण ठेवून कर्ज देण्यास सुरुवात केली आणि 1933 मध्ये ते बंद केले. या कर्जांच्या दस्तांमध्ये अनेकदा कंपनीच्या नावाऐवजी तिच्या विश्वस्ताचे नाव असते. वॉकर ओ. लुईस, निकोलस वीलँड आणि ई. हॅरिसन पॉवेल ही नावे अनुक्रमणिकेत दिसली की तो दस्त उघडलाच पाहिजे. नाव सापडले, तरी खरी मेहनत त्यापुढे आहे. दस्तात घराचा पत्ता नसतो. भूखंडाचा क्रमांक, गटाचा क्रमांक आणि वसाहतीचे जुने नाव एवढेच असते, त्यामुळे तो भूखंड आजच्या कोणत्या रस्त्यावर आहे, हे नकाशावर जुळवत बसावे लागते. मला हे काम रस्त्यावरच्या भटकंतीपेक्षा अधिक आवडू लागले आहे, कारण ज्या घरांकडे आपण ढुंकूनही पाहिले नसते, अशी घरे त्यातून समोर येतात. रोखीने खरेदी करणाऱ्यांचा मात्र या दप्तरात मागमूस नसतो, हे ध्यानात ठेवावे.

सध्या ज्या घरावर लक्ष केंद्रित केले आहे, ते ‘क्रेसेंट’ या मॉडेलचे असावे, असा माझा कयास आहे. मध्यभागी त्रिकोणी छपराचा लहानसा पोर्च, त्याच्या खालच्या अंगाला कमान आणि दोन्ही बाजूंना गोल खांब, ही क्रेसेंटची सहज लक्षात येणारी खूण होय. अडचण अशी की 1920च्या दशकात हा दर्शनी भाग इतका लोकप्रिय होता की इतर किट कंपन्यांनी आणि स्थानिक बांधकाम करणाऱ्यांनीही तो सर्रास वापरला. म्हणून पोर्चला मी फारसे महत्त्व देत नाही. पोर्च काचा लावून बंद करता येतो, खांब बदलता येतात, भिंतींवर व्हायनिलचे आवरण चढवता येते. परंतु बाजूच्या भिंतींवरील खिडक्यांचा क्रम, धुराड्याची जागा आणि पायाची लांबी-रुंदी सहसा तशीच राहते. क्रेसेंट दोन वेगवेगळ्या आकारांच्या आराखड्यांत मिळत असे, शिवाय आराखडा आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटून मागवण्याची सोय होती, त्यामुळे मोजमापे सर्व शक्यतांशी ताडून पाहावी लागतात. या घराची मापे मोठ्या आराखड्याशी उलट्या मांडणीत जुळतात. खिडक्याही जुळतात, फक्त स्वयंपाकघराच्या बाजूची एक खिडकी आज तेथे नाही. त्या ठिकाणची आतील लाकडी पट्टी नंतरची दिसते.

घरमालकांनी तळघरात उतरू दिले, तेव्हा पहिली नजर अर्थातच तुळयांच्या टोकांवर गेली. सिअर्सच्या ‘ऑनर बिल्ट’ प्रतीच्या, आधीच कापून पाठवलेल्या लाकडावर एक इंग्रजी अक्षर आणि काही अंक यांचा शिक्का असतो, आणि तो बहुधा तुळयांच्या टोकांजवळ, जिन्याच्या खालच्या अंगाला किंवा माळ्यावरील वाशांवर सापडतो. येथील तळघराचे छत फळ्यांनी झाकलेले असल्याने टोके दिसली नाहीत. माळ्यावर मात्र वासे उघडे होते, आणि दोन वाशांमधील मोकळे अंतर जवळपास 14⅜ इंच भरले. ऑनर बिल्ट घरांच्या वर्णनात हेच अंतर दिलेले असते. हलक्या प्रतीच्या घरांत ते 22⅜ इंच असे. केवळ या मापावरून घर सिअर्सचे ठरत नाही, कारण त्या काळच्या चांगल्या बांधकामात असे अंतर सामान्यच होते. तरीही घर सिअर्सचेच असेल, तर ते कापून पाठवलेल्या प्रतीचे असणार आणि शिक्क्यांचा शोध व्यर्थ जाणार नाही, एवढे त्यातून कळते. हलक्या प्रतीचे लाकूड आधी कापलेले नसे. अशा घरात शिक्के नाहीत म्हणून ते सिअर्सचे नव्हे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

नवख्या मंडळींना मी इलिनॉयमधीलच कार्लिनव्हिलला जाण्याचा सल्ला देईन. स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियानाने 1918 मध्ये आपल्या खाणकामगारांसाठी सुमारे दहा लाख डॉलरांना सिअर्सची 192 घरे मागवली, आणि त्यांपैकी 156 या एकाच गावात उभी राहिली. तेथे घर कोणाचे, हा वाद नाही. म्हणून एकाच मॉडेलवर शंभर वर्षांत कोणकोणते फेरफार होऊ शकतात, हे शेजारी-शेजारी पाहता येते. चित्रे पाहून डोळा तयार होतो, असे म्हणतात खरे, पण मला तरी या मोडतोड झालेल्या घरांनी अधिक शिकवले.

एल्जिनमधील घराच्या भूखंडावर विश्वस्ताच्या नावाचा दस्त मिळालेला आहे आणि त्यावरील साल मॉडेलच्या विक्रीकाळात बसते. घरमालकांना तळघराच्या छताची फळी लवकरच बदलायची आहे. त्या वेळी तुळयांची टोके उघडी पडतील. तोवर मी हे घर ‘दस्ताने सिद्ध कर्ज, मॉडेल संभाव्य’ अशा शीर्षकाखाली नोंदवून ठेवले आहे.