लोगानची गळती शोधताना

डिझेलच्या नळीतला बुडबुडा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मुलुंडला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. आमची जुनी लोगान गाडी दोन महिने सकाळी सुरू व्हायला फार वेळ घेत होती. फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी आदल्या रात्री काढून तिच्या जागी मी पारदर्शक नळी बसवली होती. रात्री ती डिझेलने काठोकाठ भरलेली होती, सकाळी बघतो तर अर्धी रिकामी. बायको सेल्फ मारायला आत बसली, मी टॉर्च धरून बॉनेटखाली वाकलो. चावी फिरली आणि नळीतून आधी नुसती हवा सरकत गेली, मग डिझेल, त्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक. चौदा सेकंदांनी इंजिन सुरू झालं.

"दिसलं का हो काही?" तिने आतून विचारलं.

"हवा घेतेय," मी म्हणालो. दोन महिने डोक्यावर असलेलं ओझं उतरल्यासारखं झालं.

त्याआधी एका मोठ्या गॅरेजने सांगितलं होतं की चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले आहेत, अठ्ठेचाळीस हजार खर्च येईल. अख्खी गाडी मी नव्वद हजारांना घेतली होती. त्यांनी गाडी स्कॅनरला लावली, कागद काढला, पण बॉनेट उघडून नळीला हात लावून कुणी बघितलं नाही. याचा मला आजही राग आहे, कारण माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने एक तर पैसे भरले असते, नाहीतर गाडी भंगारात दिली असती.

मी एसी दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. आयटीआयनंतर ज्या वस्तादांच्या हाताखाली शिकलो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. गॅस कमी झालाय म्हणजे तो कुठून तरी गेलाय. वरून भरला तर महिनाभर थंड होईल, पुन्हा बोलावणं येईल, आणि दोन वेळा पैसे घेतल्याचं पाप लागेल. गाडीला मी हाच नियम लावला. चार वर्षांत या लोगानवर जे काही काम केलं, त्यातलं बहुतेक गळती शोधण्याचंच होतं. कुठे हवा आत येते, कुठे पाणी आत येतं, कुठे गॅस बाहेर जातो.

गाडी २००९ची आहे, डिझेल. महिंद्रा आणि रेनो यांनी मिळून २००७मध्ये ही गाडी नाशिकच्या कारखान्यातून बाजारात आणली. २०१०मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि पुढे हीच गाडी व्हेरिटो नावाने आली. दिसायला चौकोनी डबा, हे मान्य. पण डिकी ५१० लिटरची आहे. माझा व्हॅक्यूम पंप, दोन सिलिंडर, गेज, ड्रिल, तांब्याच्या नळीचं वेटोळं, सगळं आत जाऊन वर बायकोची भाजीची पिशवी मावते. इंजिन रेनोचं के-नाइन-के, १,४६१ सीसी, ६५ हॉर्सपॉवर. याच कुळातलं इंजिन पुढे डस्टर आणि सनीमध्येही आलं, त्यामुळे लोगान बंद झाली तरी इंजिनाचे स्पेअर ऑपेरा हाऊसच्या दुकानांत आजही मिळतात. बॉडीचे भाग मात्र कुर्ल्याच्या जुन्या बाजारातच शोधावे लागतात. लोगान बनवताना खर्च वाचवायला दोन्ही बाजूंचे आरसे एकाच साच्यातले ठेवले होते. एकदा भांडुपच्या गल्लीत टेम्पो घासून उजवा आरसा गेला, तेव्हा कुर्ल्यात मला डावा मिळाला आणि तोच उजवीकडे बसला. असा विचार करून गाडी बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता त्या हवेबद्दल. या इंजिनाला टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. पुढचा पंप टाकीपासून डिझेल ओढून घेतो, जसा आपण स्ट्रॉने उसाचा रस पितो. स्ट्रॉला चीर असली तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. म्हणून अशा गळतीचा डाग जमिनीवर पडत नाही, डिझेलचा वास येत नाही, सगळं कोरडं दिसतं. गाडी रात्रभर उभी राहिली की चिरेतून हवा आत शिरते, डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाला आधी ती हवा ओढून काढावी लागते. दुपारी दोन तासांनी सेल्फ मारला तर गाडी लगेच सुरू होते. इंजेक्टर खराब असते तर दुपारीही नखरे झाले असते. ट्रकवाले याला "एअर धरली" म्हणतात. हा शब्द मला आधी आठवला असता तर दोन महिने वाचले असते.

चीर नेमकी कुठे, हे शोधायला मी पारदर्शक नळी एकेक जागा मागे नेली. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये बुडबुडे होते. दुसऱ्या दिवशी ती हातपंपाच्या रबरी फुग्यानंतर (हा दाबून डिझेल हाताने पुढे ढकलता येतं), फिल्टरच्या आधी लावली. तिथेही बुडबुडे. तिसऱ्या दिवशी फुग्याच्या आधी लावली. डिझेल स्वच्छ, कोऱ्या चहासारखं, एक बुडबुडा नाही. म्हणजे फुगाच. काढून वाकवून बघितला तर टोकाच्या प्लॅस्टिकच्या जोडाला केसाएवढी चीर होती, नख लावल्यावरच कळेल अशी. नवा फुगा आणि दोन चांगल्या क्लिपा, सातशे रुपये. त्या दिवसापासून गाडी दुसऱ्या फेऱ्याला सुरू होते.

एक गोष्ट इथे आवर्जून लिहितो. हे सगळं पंपाच्या अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूचं आहे. पंपाच्या पलीकडे, रेल (दाबलेलं डिझेल साठवणारी नळी) आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत दाब हजार बारच्या वर जातो. एसीत मी पंधरा-वीस बारला घाबरून काम करतो. चालू इंजिनात तिकडे पाना किंवा हात अजिबात न्यायचा नाही, गळती शोधायलासुद्धा. त्या धारेने कातडी फाटून डिझेल शरीरात जातं.

पाण्याची गळती याहून त्रासदायक निघाली. गाडी घाटकोपरच्या एका गृहस्थांकडून घेतली होती, २०२१च्या सप्टेंबरमध्ये. लॉकडाऊनमुळे ती दोन पावसाळे सोसायटीतल्या गुलमोहराखाली उभी होती. किलोमीटर १ लाख ३२ हजार. इंजिन चांगलं होतं, पण दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास यायचा आणि डावीकडच्या सीटपुढचा गालिचा दाबला की पाणी वर यायचं. आधी कुणीतरी पुढच्या काचेभोवती सिलिकॉन फासून ठेवलं होतं. काचेत काहीच दोष नव्हता.

वायपरचे दांडे काढले, त्यांच्या खालची प्लॅस्टिकची जाळी काढली. काचेच्या पायथ्याशी एक खोलगट पन्हळ असते, तिथे पावसाचं पाणी जमून कडेच्या भोकातून खाली जावं अशी योजना असते. गुलमोहराचं पान कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, धण्याएवढी बारीक पानं, जाळीतून सहज आत जातात. ती पन्हळ काळ्याभोर खताने भरली होती. हाताने उपसलं तेव्हा घमेलंभर निघालं. त्यात बोटभर उंचीचं गुलमोहराचं रोप उगवलं होतं, उजेड नसल्यामुळे पांढुरकं. भोक मोकळं केलं, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि ते चाकामागून धो धो खाली पडलं. तो आवाज ऐकून इमारतीचा वॉचमन धावत आला, त्याला वाटलं टाकी फुटली.

गालिच्याखालचा फोम काढला तर दोन माणसांना उचलावा लागला, इतकं पाणी त्यात होतं. गच्चीवर आठ दिवस उन्हात ठेवला. खालचा पत्रा तळहाताएवढ्या जागेत सडला होता, स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. भांडुपच्या एका वेल्डरने सडका भाग कापून नवा पत्रा मारला. मी पुट्टी लावू दिली नाही. गंजावर पुट्टी भरली की आत गंज चालूच राहतो आणि पुढच्या वर्षी पत्राच हातात येतो. प्रायमर, दोन हात रंग, खालून अंडरकोट. मुंबईत जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, इंजिन बघण्याआधी गालिचा उचलून बघा. इंजिन दुरुस्त होतं, पण सडलेल्या पत्र्याला अंत नसतो.

टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याबद्दल, थोडक्यात लिहितो, कारण त्यात शोधण्यासारखं काही नाही, फक्त करायचं असतं. आधीच्या मालकांना तो कधी बदलला ते आठवत नव्हतं. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण हेड उघडावं लागतं. गाडी घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलले. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, तो आज ठेवला आणि वर्षाने गळला तर सगळी मजुरी पुन्हा. ज्या मिस्त्रींनी हे काम केलं ते खुणा बघून अंदाजाने बसवणारे नव्हते, पिना लावून टायमिंग लॉक करूनच बेल्ट चढवला. सहा हजारांचं सामान, तीन हजार मजुरी.

त्याच मिस्त्रींशी माझं एका बाबतीत जोरदार वाजलं. थर्मोस्टॅटवरून, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवरून. तापमानाचा काटा पावसात ईस्टर्न एक्स्प्रेसवर गाडी चालवताना खाली पडून राहायचा. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅट नव्हताच, कुणीतरी काढून टाकला होता. मिस्त्री म्हणाले, "अहो, मुंबईत काय करायचाय तो? नसलेलाच बरा, गाडी तापणार नाही." हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. पण डिझेल इंजिन थंड चाललं तर डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, काजळी ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) साठते आणि ॲव्हरेज पडतं. मी नवा थर्मोस्टॅट बसवायला लावला, आणि नळाच्या पाण्याने आत झालेला लालसर गाळ तीन वेळा धुऊन कूलंट भरलं. शहरात चौदाचं ॲव्हरेज सोळावर आलं. हायवेला वीस देते. पुढच्या पीयूसीला धुराचा आकडा १.१ आला, या वयाच्या डिझेलला मर्यादा २.४५ आहे. तो कागद मी मिस्त्रींना नेऊन दाखवला. त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." तेव्हापासून त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांना ते थर्मोस्टॅट ठेवतात, हे मला त्यांच्या पोराने सांगितलं.

एसी अर्थातच मी स्वतः केला. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला, कंडेन्सरच्या (गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीच्या) खालच्या कोपऱ्यात फेस फुगला. खाऱ्या हवेने आणि रस्त्याच्या चिखलाने तिथल्या पट्ट्या बोट लावताच चुरा होत होत्या. नवा कंडेन्सर, नवे ओ-रिंग, पाऊण तास व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. चौथा उन्हाळा चालू आहे, एक ग्रॅम भरलेला नाही.

लोक मला विचारतात, डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद करावी लागते ना? तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करावं लागतं आणि मग ते पाच वर्षं चालतं. आमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२४च्या नोव्हेंबरला भरली. वडाळ्याच्या आरटीओत नेली. फी पाच हजार रुपये, २०२२च्या एप्रिलआधी ती सहाशे होती. पर्यावरण कर वेगळा. तपासणीला नेण्याआधी मी हेडलाइट, हॉर्न, हँडब्रेक, वायपर, सगळं दोनदा बघितलं होतं. तपासनीसांनी बॉनेट उघडायला लावलं, चासी नंबर घासून बघितला आणि विचारलं, "रोज चालवता?" मी म्हणालो, रोज. आम्ही घरी परतताना मुलुंड चेकनाक्याला थांबून पेढे घेतले.

दर मेच्या शेवटच्या रविवारी मी वायपरखालची जाळी काढून पन्हळ साफ करतो आणि बादली ओततो. तेल आठ हजार किलोमीटरला बदलतो, कंपनीच्या पुस्तकातल्यापेक्षा लवकर, कारण या इंजिनाच्या बेअरिंगना जुनं तेल सोसत नाही. गणपतीला देवरुखला जाण्याआधी डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढतो. ते गुलमोहराचं रोप बायकोने डब्यात लावलं होतं, पण जगलं नाही.

सध्या डाव्या ड्राइव्हशाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) सीलपाशी गिअरबॉक्सचं तेल पाझरतंय. सीलच आहे की वरून कुठून ओघळून येतंय, ते अजून कळलेलं नाही. काल रात्री सगळं डिझेलने धुतलं, कोरडं केलं आणि मुलीची टाल्कम पावडर मारून ठेवली. आता दोन दिवस चालवीन आणि रविवारी खाली झोपून बघेन, पांढऱ्यावर ओली रेघ कुठून सुरू होते ते.